वाचकांचे प्रश्न : पुराचा इशारा उंबरठ्यापर्यंत

पावसाळ्यापूर्वीच्या तयारीविषयी आम्ही मागवलेल्या प्रश्नांना यंदा मोठा प्रतिसाद मिळाला. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : उपग्रह, रडार, संगणक आणि मोबाइल यांच्याविषयी इतके ऐकायला मिळते, पण आपल्या घरात पाणी शिरण्याआधी त्यांचा आपल्याला उपयोग होईल का? चार पत्रे निवडून त्यांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : गोव्यातील साखळी गावच्या बाजारात माझे कापडाचे दुकान आहे. लाल इशारा आला की आम्ही तागे माळ्यावर चढवतो आणि पुष्कळदा पाणी येतच नाही. एकदा मात्र पिवळ्या इशाऱ्याच्या दिवशी दुकानात गुडघाभर पाणी शिरले. मग या इशाऱ्यावर विश्वास किती ठेवायचा?

उत्तर : आपला वैताग रास्त आहे. मात्र हवामान विभागाचा इशारा पावसाचा असतो आणि आपल्याला हवा असतो तो पाण्याचा. चोवीस तासांत 204.4 मिलिमीटरहून अधिक पावसाला हवामान विभाग अत्यंत मुसळधार पाऊस म्हणतो आणि लाल रंग सर्वसाधारणपणे तशा शक्यतेसाठी वापरला जातो. तो बहुधा जिल्ह्यासाठी दिलेला असतो. उत्तर गोवा म्हटले की मोरजीचा किनाराही त्यात आला आणि वाळपईमागचे डोंगरही आले, पण दोन्हीकडचा पाऊस कधीच सारखा नसतो.

अंदाज ज्या चौकोनांच्या जाळीवर मांडला जातो, ती जाळी आता बारीक होत आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत विकसित झालेली आणि मे 2025 मध्ये राष्ट्राला अर्पण केलेली भारत पूर्वानुमान प्रणाली 6 किलोमीटरच्या चौकोनांत हवामानाचे गणित मांडते. त्याआधी हा चौकोन 12 किलोमीटरचा होता. गोव्याचे क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर आहे. म्हणजे जेथे पूर्वी सारा गोवा सुमारे 26 चौकोनांत बसत असे, तेथे आता सुमारे शंभर चौकोन झाले. ही प्रगती मी फार मोलाची मानतो. तरीही आपल्या बाजारात पाणी येणार की नाही, हे वाळवंटी नदीच्या वरच्या अंगाला डोंगरांत किती पाऊस कोसळला आणि त्याच वेळी खाली मांडवी नदीला भरती आहे की ओहोटी, यावर ठरते. पाऊस, नदीची पातळी आणि भरती यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी संगणकाला देऊन पुढच्या काही तासांची पातळी वर्तवणे आज शक्य आहे. त्यासाठी नोंदी मात्र सलग आणि खऱ्या हव्यात, आणि ज्या उंचीचा पूर त्या नोंदींत कधी आलाच नाही, तेथे असे गणित चुकण्याचा संभव अधिक, हेही ध्यानात ठेवावे. तोपर्यंत लाल इशाऱ्याबरोबर त्या दिवसाची भरतीची वेळ पाहण्याची सवय लावून घ्यावी. तागे चढवण्याचे श्रम वाया गेले तर अंग दुखेल एवढेच, पण ते न चढवल्याची किंमत आपण जाणताच.

प्रश्न : आम्ही डिचोली तालुक्यातील साळ गावचे. तिळारी धरण आमच्या वरच्या अंगाला, महाराष्ट्रातील दोडामार्ग तालुक्यात आहे. ऑगस्ट 2019 मध्ये नदीचे पाणी गावात शिरले तेव्हाची धावपळ आम्ही विसरलेलो नाही. नदीकाठी यंत्रे आणि भोंगे बसवण्याची चर्चा होते. पंचायतीने नेमका कशाचा आग्रह धरावा?

उत्तर : आपल्या पत्राला सर्वांत जास्त जागा देत आहे, कारण तिळारीचे पाणी पुढे ज्या शापोरा नदीतून वाहते, तिच्या काठावरील प्रत्येक गावाचा हा प्रश्न आहे. धरणाखालच्या गावाला एक गोष्ट अनुकूल असते : पाणी केव्हा सोडले हे वर कोणाला तरी ठाऊक असते. म्हणून पहिला आग्रह यंत्राचा नव्हे, तर निरोपाचा धरावा. विसर्गाचा आकडा आणि वेळ दोन्ही राज्यांच्या यंत्रणांकडून थेट पंचायतीला, ठरलेल्या क्रमांकावर, रात्रीसुद्धा मिळाली पाहिजे.

त्यानंतर यंत्र. पुलाच्या कठड्याखाली खाली तोंड करून बसवलेली एक पेटी रडारच्या लहरी पाण्यावर सोडते आणि त्या परत येण्याच्या वेळेवरून पाण्यापर्यंतचे अंतर मोजते. हे अंतर कमी होत गेले, म्हणजे नदी चढत आहे. यंत्र पाण्याला टेकत नसल्याने वाहून येणारे ओंडके त्याला लागत नाहीत. बाजूला छोटा सौर पॅनल, बॅटरी आणि सिमकार्ड असते आणि ठरावीक मिनिटांनी आकडा पाठवला जातो. वरच्या बाजूला स्वयंचलित पर्जन्यमापक असावा. त्यात दोन छोट्या पळ्यांची जोडी असते, एक भरली की कलंडते, दुसरी तिच्या जागी येते आणि प्रत्येक कलंडणे मोजले जाते.

ही सगळी साखळी तुटते ती बहुधा वीज आणि मोबाइल यांच्यापाशी. मे 2021 मधील तौक्ते वादळात गोव्यात झाडे आणि विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे अंधारात राहिली. मनोऱ्याची बॅटरी संपली की त्याच्यावरचे सगळे फोन मुके होतात. म्हणून भोंगा स्वतःच्या बॅटरीवर चालणारा हवा, तो हाताने सुरू करता यायला हवा आणि पंचायतीत एखादा बिनतारी संच असावा. भोंग्याची चाचणी दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, लोकांना आधी सांगून घ्यावी, नाहीतर पहिल्या खऱ्या भोंग्याला लोक खिडकीत उभे राहून एकमेकांना विचारत बसतात.

आणखी एक काम आजच, बिनखर्चाने करता येईल. 2019 मध्ये पाणी जेथवर आले होते, तेथे घराघरांच्या भिंतींवर रंगाची रेघ ओढा आणि पुलावरील पातळीचा कोणता आकडा कोणत्या रेघेशी जुळतो याचा तक्ता करा. आकडा अमुक झाला की गुरे सोडायची, तमुक झाला की म्हाताऱ्या माणसांना देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेत न्यायचे, आणि कोणत्या घरी कोणी जायचे, हे ऊन पडलेले असतानाच ठरलेले असावे. ओडिशात 1999 च्या महावादळाने सुमारे दहा हजार माणसे गेली. 2019 मध्ये फनी वादळापूर्वी बारा लाखांच्या आसपास लोकांना हलवले गेले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. मधल्या वीस वर्षांत उपग्रह सुधारले हे खरेच, पण निवारे बांधले गेले आणि दार ठोठावणारी माणसे नेमली गेली, हेही तितकेच खरे आहे.

प्रश्न : मध्यंतरी फोन आपोआप मोठ्याने वाजला, पडद्यावर सरकारी संदेश आला आणि सासूबाई घाबरल्या. मुलाने ती सोय बंद करून टाकली. बरोबर केले का?

उत्तर : नाही, कृपया ती पुन्हा सुरू करा. देशभर 2023 मध्ये अशा चाचण्या झाल्या. हा संदेश तुमचा क्रमांक शोधून येत नाही. मनोरा आपल्या टप्प्यातील सर्व फोनांना तो एकाच वेळी ऐकवतो, त्यामुळे जाळे गर्दीने तुंबले तरी तो पोचतो आणि परगावाहून आलेल्या पाहुण्यालाही मिळतो. फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन इशाऱ्यांचा पर्याय असतो. सोबत सरकारी ‘सचेत’ आणि आकाशातून कोसळणाऱ्या विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ही ॲप घ्यावीत. सासूबाईंना मात्र तो आवाज एकदा शांतपणे ऐकवून समजावून सांगा.

प्रश्न : मी तिसवाडीतील एका गावचा पंच आहे. आमच्या खाजनाच्या, म्हणजे भरतीचे पाणी अडवून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या, बांधाला दर दोन-तीन वर्षांनी खांड पडते आणि खारे पाणी शेतात शिरते. ड्रोनने पाहणी करून घेण्याचा उपयोग होईल का?

उत्तर : होईल, पण आधी मानसीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, ओहोटीच्या वेळी एकदा जाऊन उभे राहा. ओहोटीला तिची लाकडी दारे आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि शेतातले पाणी नदीत जाते. भरती चढू लागली की तीच दारे नदीच्या पाण्याने मागे ढकलली जाऊन मिटतात. ना वीज, ना माणूस, तरीही पिढ्यान्‌पिढ्या हे काम बिनचूक चाललेले आहे. असे बांध केवळ भातासाठी नाहीत. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की हीच सखल जमीन पाणी सामावून घेते. ती भरून टाकली की तेच पाणी वस्तीत शिरते. म्हणून खाजनात भराव घालण्याच्या प्रत्येक अर्जाकडे आपण पंच या नात्याने पूरनियंत्रणाचा प्रश्न म्हणूनच पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ड्रोनच्या चित्रांतून बांधाच्या माथ्याची उंची काही सेंटिमीटरच्या फरकाने कळते, आणि खचलेला तुकडा फुटण्याआधी दिसतो. कुर्ल्यांनी पोखरलेली बिळे मात्र वरून दिसत नाहीत. तेथे बांधावरून रोज चालणाऱ्या शेतकऱ्याचाच डोळा हवा. मानसीच्या आतल्या बाजूला पातळी आणि क्षारता मोजणारे साधे यंत्र बसवले तर दार अडकून खारे पाणी आत येऊ लागल्याचे रात्रीही कळेल. पहिली पाहणी मे महिन्यात, अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला करून घ्या, म्हणजे बांधाचा पायाही उघडा दिसेल आणि डागडुजीला पावसाआधी काही दिवस हाताशी राहतील. ड्रोन उडवण्यापूर्वी त्या भागात परवानगी लागते का, हे पाहून घ्यावे. दाबोळी विमानतळ आणि नौदलाचा तळ तिसवाडीपासून फार दूर नाहीत.