अमेरिकेतला काउंटी कमिशनर म्हणजे आपल्याकडचा जिल्हाधिकारी का?

नाही. जिल्हाधिकारी सरकार नेमतं, कमिशनर मतांवर निवडून येतात. तुलना करायचीच तर जिल्हा परिषद सदस्य जवळचा. प्रत्येक राज्यात नियम वेगळे, म्हणून मी राहतो त्या नॉर्थ कॅरोलिनापुरतं सांगतो. इथे 100 काउंटी, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखे भाग, आहेत.

रोजचा कारभार कमिशनरांच्या बोर्डाने नेमलेला काउंटी मॅनेजर बघतो. 1 जुलैला आर्थिक वर्ष सुरू होतं. त्याआधी तो अंदाजपत्रक मांडतो, जनसुनावणी होते आणि मग बोर्ड मंजुरी देतं. तुटीचं अंदाजपत्रक कायद्याने चालतच नाही. खरी खडाजंगी मालमत्ता कराच्या दरावर. दर 100 डॉलर मूल्यामागे असतो. एक सेंट वाढला की चार लाख डॉलरच्या घराला वर्षाला 40 डॉलर जादा. ऐकायला किरकोळ, पण सुनावणीत माइकपाशी रांग लागते ती यासाठीच.

गंमत शाळांची. शाळेच्या इमारतींचा खर्च कमिशनर उचलतात, पण शाळा चालवतं वेगळं निवडून आलेलं स्कूल बोर्ड. म्हणजे पैसा एकाचा, कारभार दुसऱ्याचा. दरवर्षी मे महिन्यात दोघांची ओढाताण ठरलेली. शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीस प्रमुख, हाही स्वतंत्र निवडून येतो, त्याचं बजेट मात्र कमिशनरांच्याच हातात.

आणि खड्ड्यांसाठी कमिशनरला फोन करू नका. इथे काउंटीकडे रस्ते नाहीतच, ते राज्याकडे किंवा शहराकडे. मीही पहिल्या वर्षी तोच फोन केला होता.