येऊरच्या वाटेवर सायकलवाला आणि चालणारा समोरासमोर आले, तर बाजूला कोणी व्हायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी एमटीबी, म्हणजे डोंगरात चालवायची माउंटन बाइक घेतली, रविवारी सकाळी ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात नेली, उतारावरून बेल वाजवत येत होतात आणि एका काकांनी भर वाटेत उभं राहून झापलं. बेल वाजवूनही चूक माझीच का? आणि जाता जाता, पावसाळ्यात तिथे सायकल न्यावी का, हेही विचारलंय. मी ठाण्यातच राहतो, डोंगरात चालतोही आणि सायकलही दामटतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या मला तोंडपाठ आहेत.

काकांनी कुठल्या भाषेत सुनावलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून त्यावर बोलत नाही. वाट मात्र त्यांची होती. माउंटन बायकिंगवाल्यांच्या स्वतःच्या नियमांतच तसं आहे. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन, म्हणजे इम्बा, ही १९८८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली सायकलवाल्यांचीच संघटना. तिचा नियम सांगतो की सायकलने चालणाऱ्याला आणि घोड्याला वाट द्यायची, चालणाऱ्याने घोड्याला द्यायची, आणि दोन सायकली समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला द्यायची. इंग्लंडमध्ये १९६८ च्या कायद्याने सायकलींना घोडेवाटांवर जायची मुभा मिळाली, तीही चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना वाट देण्याच्या अटीवरच. सायकलवाले इथे उशिरा आलेले पाहुणे आहेत, हे सगळीकडे गृहीत धरलेलं आहे.

आता बेल. बेल वाजवणं चांगलंच, पण ती वाजवली म्हणजे समोरच्याने हटलंच पाहिजे, हा आपल्या रस्त्यावरच्या हॉर्नचा संस्कार. घोडबंदर रोडला तो चालतो, पायवाटेवर नाही. साधा हिशोब करा. ताशी २५ किमी म्हणजे सेकंदाला जवळपास ७ मीटर. माणूस दिसल्यापासून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद गेला, म्हणजे ७ मीटर तिथेच संपले. पुढे सुट्या मुरुमावर सायकल उभी राहायला आणखी ८-१० मीटर लागतात. येऊरच्या आतल्या वाटांवर करवंदीच्या जाळ्या आणि वळणं अशी आहेत की कित्येक ठिकाणी १५ मीटर पुढचं दिसतच नाही. म्हणजे वळणापलीकडे कोणी उभं असेल तर तुम्ही कितीही मनापासून बेल वाजवा, आपटणार. मागून जाताना वेगळी गंमत. १५ मीटरवरून बेल वाजवली तर समोरच्याकडे दोन सेकंद उरतात. त्यात त्याने ऐकायचं, दचकायचं, मागे वळून बघायचं, मग ठरवायचं. साठीतला माणूस दोन सेकंदांत जेमतेम मान वळवतो.

कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, माउंट तमालपैसच्या उतारांवर, १९७० च्या दशकात जुन्या जाड टायरच्या सायकली खाली सोडता सोडता हा खेळ आकाराला आला. तिथेही चालणारे आणि सायकलवाले यांची भांडणं झालीच, आणि शेवटी जंगलातल्या रुंद कच्च्या रस्त्यांवरही ताशी १५ मैलांची मर्यादा आली. कोणाला ओलांडताना किंवा पुढचं न दिसणाऱ्या वळणावर तर ताशी ५ मैल. ५ मैल म्हणजे ८ किमी, म्हणजे जॉगिंग करणाऱ्याचा वेग. जिथे हा खेळ जन्मला तिथे ही अट असेल, तर आपण येऊरच्या हातभर रुंद वाटेवर स्ट्राव्हाचा सेगमेंट (ॲपवर ठरलेला टप्पा कमीत कमी वेळात पार करायची चढाओढ) मारायला जाणं म्हणजे कमालच आहे. (उतारावरचे स्ट्राव्हा सेगमेंट हा माझ्या मते या भांडणांतला सगळ्यात मोठा खलनायक. चढावर घ्या ना टाइम, कोण अडवतंय?)

मग करायचं काय? लांबूनच, म्हणजे ३०-४० मीटरवरून, बेल एकदा हलकी वाजवा आणि तेव्हाच वेग मोडा. पेडल थांबवलं की मागच्या चाकाच्या हबची, म्हणजे मधल्या तुंब्याची, कटकट सुरू होते, शांत जंगलात ती बेलपेक्षा बरी ऐकू येते आणि कानाला टोचतही नाही. जवळ आल्यावर तोंडाने बोला: ‘काका, नमस्कार, मागून सायकल आहे.’ ‘डावीकडून येतोय’ वगैरे ओरडू नका. बाजूचं नाव ऐकलं की दहातले पाच जण नेमके त्याच बाजूला उडी मारतात. समोरचा थांबला, त्याने तुमच्याकडे बघितलं, की मगच चालण्याच्या वेगाने पुढे सरका. वाट अरुंद असेल तर सरळ पाय टेका आणि त्यांना जाऊ द्या. मागे आणखी मित्र असतील तर तेही सांगा, ‘अजून तिघे आहेत’. नाहीतर माणूस तुम्हाला वाट देऊन पुन्हा मध्ये येतो आणि दुसरा सायकलवाला त्याच्या अंगावर जातो. माझ्या पाहण्यात धडका बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या सायकलच्याच होतात, पहिल्या सायकलच्या क्वचित.

पण या सगळ्या नियमांत आपल्याकडच्या वाटेवरचा मुख्य माणूस नाहीच. येऊरमध्ये वारल्यांचे पाडे आहेत, नवी मुंबईतल्या खारघरच्या डोंगरावर फणसवाडी-चाफेवाडी आहे. आपल्याला जी ‘ट्रेल’ वाटते ती त्यांची पाड्याकडे, दुकानाकडे, शाळेकडे जायची रोजची वाट. जूनमध्ये शेवळाच्या जुड्या, पुढे कंटोळी घेऊन बायका सकाळी खाली बाजाराला निघतात, कधी सुक्या फाट्यांची मोळी घेऊन परततात. मोळी डोक्यावर असलेली बाई कशी चालते ते एकदा नीट बघा. चुंबळीवर तोल धरलेला, एक हात वर, मान ताठ. तिला पायापुढचं चार-पाच फूट दिसतं, मागे वळून बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं, आणि ती वळली की फाट्यांची टोकं दोन्ही बाजूंना हात-हातभर फिरतात. तुम्ही बेल वाजवली की ती वळणार, आणि ती टोकं नेमकी तुमच्या तोंडाच्या उंचीवर असणार. म्हणून तिच्या मागे असाल तर बेलला हात लावू नका. उतरा, सायकल हातात धरून चाला, वाट रुंद झाली की ‘मावशी, मी बाजूने जातो’ म्हणून पुढे व्हा. समोरून येत असेल तर सायकल उचलून वाटेबाहेर घ्या, नुसती तिरकी करून भागत नाही, हँडल आडवं येतंच. डोक्यावर ओझं असेल त्याला वाट द्यायची, हा आपल्या घाटवाटांवरचा जुना रिवाज आहे. इम्बाच्या नियमांत घोडा आहे तिथे आपण मोळी वाचायची.

गुरांचंही तेच. म्हशी वाटेत असतील तर थांबा, गुराख्याला हाक मारा, तो काय सांगेल ते करा. मधून घुसलात आणि एक म्हैस उधळली तर पुढे चालणारे आणि त्यांची पोरं तिच्या रस्त्यात आहेत. येऊरमधली भटकी कुत्री फिरत्या चाकामागे लागतात. तिथे पळवण्याऐवजी उतरून सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवून चालत गेलात तर बहुतेक कुत्री कंटाळून जातात.

आता काकांच्या बाजूचंही बोलू, कारण चालणारे काही सगळे संत नसतात. वीस जणांचा ग्रुप वाट आडवी व्यापून चालतो, मागून सायकल आली की अर्धे डावीकडे पळतात, अर्धे उजवीकडे, आणि एक जण ‘इकडे ये, इकडे ये’ म्हणत ऐन वेळी पुन्हा वाट ओलांडतो. असं झालं की सायकलवाल्याला खरंच कळत नाही कुठून जायचं. सगळ्यांनी एकाच बाजूला व्हावं, आणि ती बाजू शक्यतो डोंगराकडची असावी, दरीकडची नाही. गुरं किंवा खेचरं येत असतील तरी तेच, आतल्या अंगाला उभं राहायचं. सायकल जवळ आली की जागेवर थांबणं सर्वांत सुरक्षित, थांबलेल्या माणसाला चुकवणं सोपं असतं. दोन्ही कानांत इअरफोन घालून जंगलात चालणाऱ्यांबद्दल मी काय बोलू? तिथे बिबटे आहेत, सायकल तर सोडाच. आणि पाठपिशवीला स्पीकर लावून गाणी ऐकवत जाणाऱ्यांबद्दल तर इथे लिहिता येण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र चालणाऱ्यांना सहसा माहीत नसते. तुम्ही चढावर सायकल मारत असाल आणि समोरून कोणी उतरत असेल, तर नियमाने तरीही तुम्हीच थांबायचं. पण खड्या मुरमाड चढावर एकदा पाय टेकला की पुन्हा निघणं महाकठीण. मागचं चाक जागच्या जागी फिरतं, पुढचं उचलतं, आणि शेवटी सायकल ढकलत वर न्यावी लागते. म्हणून डोंगरात मुरलेले ट्रेकर अशा वेळी स्वतःहून बाजूला होतात, वर ‘चल, चल, चल’ असं ओरडतातही. ते मिळालं तर धापा टाकत का होईना, आभार माना. नाही मिळालं तर उतरा, तो तुमचा हक्क नव्हता.

उतारावर मागचं चाक लॉक करून घासत जाणं बंद करा. व्हिडिओत भारी दिसतं, पण त्या घसरणीची पन्हळ पडते, पहिल्या मोठ्या पावसात पाणी तिथूनच धावतं आणि सप्टेंबरपर्यंत वाटेची घळ होते. दोन्ही ब्रेक, दोन बोटं, वजन मागे, चाक फिरतं ठेवून वेग उतरवायचा. अर्थात ‘तुम्ही सायकलवाले डोंगर खाता’ असं कोणी म्हणालं तर मान खाली घालायचंही कारण नाही. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या वाटांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सायकलींपेक्षा घोड्यांनी आणि चालणाऱ्यांनी जास्त माती सुटी केल्याचं आढळलं. चिखल टाळायला चालणारेच वाटेच्या कडेकडेने जातात आणि दर पावसाळ्यात वाट फूटभर रुंद करतात, हे डोळ्यांनी दिसतंच. चिखल असेल तर दोघांनीही मधूनच जावं. बूट धुता येतात.

हे सगळं झालं वाट दोघांनाही खुली असेल तर. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे राष्ट्रीय उद्यानात मनात आलं म्हणून कुठेही शिरता येत नाही. गावांकडे जाणारा रस्ता वेगळा आणि त्याला फुटलेली जंगलातली पायवाट वेगळी. मॅपच्या ॲपवर रेष दिसते याचा अर्थ तिथे सायकल चालते असा होत नाही, त्या रेषा तुमच्या-माझ्यासारख्यांनीच काढलेल्या असतात. फाटकावर वनरक्षकाला विचारा, कुठली वाट चालेल, कितीपर्यंत परत यायचं. तो नाही म्हणाला तर हुज्जत घालू नका. तुम्ही घातलेल्या हुज्जतीचा हिशोब पुढच्या दहा सायकलवाल्यांकडून वसूल होतो. पहाटे अंधारात किंवा संध्याकाळी उशिरा मुळीच नको, बिबट्याच्या फिरण्याची तीच वेळ, आणि बिनआवाज वेगाने येणारी सायकल त्यालाही दचकवते.

राहिला पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये मी स्वतः पायवाटेवर सायकल नेत नाही. कातळावर शेवाळ असतं, ब्रेकची ओली डिस्क उशिरा पकडते, आणि लाल चिखल टायरच्या खाचांत बसला की टायर गुळगुळीतच होतो. म्हणजे वरचा १५ मीटरचा हिशोब आणखी बिघडतो, आणि त्याच दिवसांत वाटेवर गर्दी वर्षातली सगळ्यात जास्त असते. तेव्हा खारघर डोंगराचा चढ बरा पडतो, पण पक्क्या रस्त्यापुरताच आणि उजाडता उजाडता. सात-साडेसातनंतर तिथे आजोबा-नातवंडांपासून सगळं खारघर चालायला येतं, मग उतारावर ब्रेक सोडायचा प्रश्नच नाही. तिथल्या पांडवकडा धबधब्याकडे वळू नका, बुडण्याच्या घटनांमुळे पावसाळ्यात तिथे जायला बंदी घालतात आणि पोलीस परत पाठवतात. पायवाटांसाठी ऑक्टोबरची वाट बघा. गवत वाळायला लागतं, मुरूम घट्ट बसलेला असतो, वळणापलीकडचं जरा लांबून दिसतं. तोवर ब्रेक पॅड बदलून घ्या, पावसाच्या मातीने ते लवकर झिजतात.