दार ओढा, ढकलू नका

वाचकांचे प्रश्न: या वेळी चर्चमध्ये येणाऱ्या पाहुण्यांविषयीची पत्रं निवडली आहेत. उत्तरं देणारी मी १९ वर्षं एका जुन्या चर्चच्या दाराशी बसून काढलेली सेवेकरीण आहे. धर्मशास्त्र मला विचारू नका, दाराचं विचारा.

प्रश्न: आमच्या चर्चच्या रंगीत काचा बघायला बाहेरचे लोक येतात. पण बरेचसे अंगणातच घुटमळतात, फोटो काढतात आणि निघून जातात. जे आत येतात त्यांच्यासाठी कमिटीनं मोठा फलक करायला टाकलाय. त्यावर बोलू नका, फोटो काढू नका, वेदीजवळ जाऊ नका अशा अकरा सूचना आहेत. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करावं तेही सुचत नाही.

फलकाचं नंतर बघू. आधी एखाद्या दुपारी दार लोटून घ्या आणि शेवटच्या बाकावर नुसते बसून राहा. मी बसले होते. बाहेर पावलं वाजली, दाराची कडी हलली, दार जरासं कुरकुरलं आणि पावलं परत फिरली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी उठून बाहेर गेले, तर एक जोडपं पायऱ्या उतरून चाललेलं. म्हणाले, "बंद आहे ना?" दार उघडंच होतं. ते बाहेरच्या बाजूला ओढायचं होतं आणि येणारा प्रत्येक जण ढकलत होता. आम्हाला लहानपणापासून सवय, त्यामुळे कधी लक्षातच आलं नाही. लोकांना श्रद्धा उरली नाही म्हणून आम्ही वर्षानुवर्षं हळहळत होतो, आणि अडलं होतं कडीपाशी. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर लिहून लावलं: "उघडं आहे. दार ओढा." आमच्या चर्चच्या इतिहासात इतकं उपयोगी पडलेलं दुसरं लिखाण मला तरी माहीत नाही.

आता फलक. पाहुण्याला चूक करायची नसते, त्याला आपलं हसं होऊ द्यायचं नसतं. काय करू नये हे त्याला अंदाजानं कळतं, काय केलं तर चालेल हे मात्र कुणीच सांगत नाही. म्हणून सूचना उलट्या बाजूनं लिहा. "कुठल्याही बाकावर बसा, हवं तेवढा वेळ बसा. मेणबत्ती लावायची असेल तर डावीकडे. फोटो काढा, फ्लॅश नको. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकांवर बसून थांबा." बस. तुमच्या अकरापैकी आठ सूचना यात आल्या. उरलेल्या तीन कुणी वाचल्या नसत्याच.

दाराशी माणूस हवाच. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं मठांसाठी नियम लिहिले. त्यातला ५३वा अध्याय पाहुण्यांचा आहे: येणाऱ्या प्रत्येकाचं ख्रिस्त समजून स्वागत करा. तो सगळ्यांना माहीत असतो. माझा आवडता ६६वा. मठाच्या दाराशी शहाणा म्हातारा ठेवावा, त्याला निरोप घेता-देता यावा, आणि वयामुळे त्याचे पाय भटकायला जाऊ नयेत, असं तिथे म्हटलंय. माझे गुडघे बघूनच लिहिलंय की काय, असं वाटतं.

पण म्हाताऱ्या माणसाचंही चुकतं. एकदा एक बाई मागच्या बाकावर नवऱ्याच्या कानाशी लागून अखंड बोलत होत्या. मी दोनदा बोट ओठांवर नेलं, तिसऱ्यांदा जवळ जाऊन "शांतता ठेवा" म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी बोलत नाहीये, यांना खिडकी दाखवतेय." नवऱ्याला दिसत नव्हतं. निळा कुठे संपतो, लाल कुठे लागतो, देवदूताचे पाय कसे उघडे आहेत, हे त्या सांगत होत्या. मी माफी मागितली आणि त्यांना बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी नेलं. नवऱ्यानं कडेची दगडी वेल बोटांनी चाचपत सावकाश फेरी घेतली. तेव्हापासून कुणाला गप्प करायच्या आधी मी मागच्या बाकावर मिनिटभर बसून ऐकते.

आणखी एक. दाराशी बसणाऱ्यांना "काही मदत हवी का?" हा प्रश्न विचारू देऊ नका. त्याला एकच उत्तर असतं, "नको." त्यापेक्षा एखादी गोष्ट सांगून बाजूला व्हावं: "तिसऱ्या खिडकीत साडेचारला ऊन येतं." थांबायचं तो थांबतो. आणि मागे मागे फिरू नये. चांदीची समई उचलून नेतील ही भीती असेल तर समई कुलपात ठेवा, पाहुण्यांवर पहारा ठेवू नका.

प्रश्न: प्रवेशाला तिकीट लावावं का? छपराची डागडुजी निघाली आहे.

दोन्ही वाटा जगातल्या मोठ्या चर्चमध्ये चालतात. बार्सिलोनाची साग्रादा फमिलिया १८८२ साली बांधायला घेतली, आणि देणग्या व पर्यटकांची तिकिटं यांच्यावरच तिचं काम होत आलं आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत बघायला येणाऱ्यांना तिकीट आहे, प्रार्थनेला येणाऱ्यांना नाही. पॅरिसचं नोत्र-दाम २०१९च्या आगीनंतर डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा उघडलं, तिथे आजही आत जायला पैसे पडत नाहीत.

माझं मत विचाराल तर तिकीट नको. प्रार्थनेला आलेला कोण आणि बघायला आलेला कोण, हे दारात ठरवायचं कुणी? १९ वर्षांत मला ते जमलं नाही. गळ्यात कॅमेरा घालून आलेला माणूस अर्ध्या तासानं डोळे पुसताना पाहिलाय, आणि हातात जपमाळ घेऊन आलेल्यांना फक्त चार्जिंगची सोय विचारताना. दानपेटी मात्र बाहेर पडायच्या वाटेवर ठेवा, आत शिरताना नको, आणि छपराचा फोटो तिच्यावर चिकटवा. कुठल्या कामासाठी मागताय हे दिसलं की हात खिशाकडे जातो.

प्रश्न: आमच्या वाटेनं पायी यात्रेकरू जातात. त्यांच्यासाठी काय सोय करावी?

पाणी, संडास आणि बूट काढून बसायला सावलीतला बाक, याच क्रमानं. प्रवचन यादीत नाही. संडास उघडा असल्याची पाटी रस्त्यावरून दिसली पाहिजे, विचारायला माणसं लाजतात.

याच्यापुढे एक स्वस्तातली गोष्ट आहे: शिक्का. स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलाला जाणाऱ्यांकडे यात्रेची एक वही असते, तिच्यावर वाटेतल्या चर्चमध्ये आणि धर्मशाळांमध्ये शिक्के घेत जायचं. किमान १०० किलोमीटर पायी किंवा २०० किलोमीटर सायकलनं केल्याचा पुरावा म्हणजे ते शिक्के, मग प्रमाणपत्र मिळतं. तुमच्याकडे प्रमाणपत्र नसलं तरी शिक्का करून घ्या. शिक्का मारताना दोघांना टेबलाशी उभं राहावं लागतं, शाई वाळायला अर्धं मिनिट लागतं, आणि माणूस आपण का निघालोय ते त्या अर्ध्या मिनिटात सांगतो. नुसतं "कसे आहात?" विचारून कुणी सांगत नाही.

आजारी, थकलेले यात्रेकरू येत असतील तर त्यांची जागा पुढे ठेवा. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्री आजाऱ्यांच्या चाकाच्या खुर्च्या पुढे असतात आणि धडधाकट माणसं मागे, खुर्च्या ढकलायला स्वयंसेवक येतात. आपल्याकडे खुर्ची पायऱ्यांवरून चढवायची उताराची फळी खांबामागे पडलेली असते आणि किल्ली ज्याच्याकडे तो नेमका गावाला गेलेला. फळी दाराशीच राहू द्या.

प्रश्न: मी ख्रिस्ती नाही. मित्राच्या चर्चमध्ये रविवारी जायचं आहे. काय घालावं, आणि कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसाद देतात त्या, वेळी काय करावं?

खांदे आणि गुडघे झाकलेले असले की बहुतेक ठिकाणी निभावतं, व्हॅटिकनच्या सेंट पीटर्समध्येही हाच नियम आहे. कम्युनियनला सगळे रांगेनं उठतील तेव्हा तुम्ही बाकावरच बसून राहा, कुणी वाईट वाटून घेत नाही. फक्त शेजारच्यांना बाहेर पडता यावं म्हणून पाय आत घ्या. अनेक ठिकाणी छातीवर हातांची फुली करून पुढे गेलं की फादर नुसता आशीर्वाद देतात. तुमच्या मित्राच्या चर्चमध्ये तशी पद्धत आहे का, हे त्यालाच विचारा.

उभं कधी राहायचं, बसायचं कधी, याची धास्ती घेऊ नका, पुढच्यांकडे बघून करा. पण पहिल्या रांगेत बसू नका. तिथे बघायला पुढे कुणी नसतं.