‘आणखी काही?’ नको, ‘आणखी काय?’ विचारा

प्रश्न : पेशंटमागे मला जेमतेम सहा-सात मिनिटं मिळतात. सहानुभूतीनं ऐकावं हे पटतं, पण बोलू दिलं की काहीजण थांबतच नाहीत. वेळ आणायचा कुठून?
— एक फॅमिली डॉक्टर

उत्तर : ‘थांबतच नाहीत’ हे एकदा घड्याळ लावून तपासा. १९८४ साली अमेरिकेत तपासणीच्या वेळची संभाषणं ध्वनिमुद्रित केली, तेव्हा डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटचं बोलणं तोडत होते. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना मध्ये बोलायचं नाही असं बजावलं होतं. पेशंट सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले. पाचातले जवळजवळ चार जण तर दोन मिनिटांच्या आत. आणि हे काही सर्दी-खोकलावाले नव्हते, गुंतागुंतीच्या दुखण्यांचे होते.

वेळ खाते ती अर्धवट राहिलेली गोष्ट. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या माणसाच्या मनात धास्ती असते रात्री छातीत होणाऱ्या जळजळीची. तुम्ही गुडघा पकडता, सहा मिनिटं त्यातच जातात, औषधं लिहून होतात; आणि दाराशी पोचल्यावर तो वळतो, ‘डॉक्टर, एक राहिलंच...’ आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

म्हणून पेशंट बसला की पेन खाली ठेवा, कीबोर्डवरचा हात काढा. ‘बोला’ म्हणा आणि खरोखरच गप्प बसा. तो थांबला तरी दोन-तीन सेकंद जाऊ द्या, नेमकं त्यातच खरं दुखणं बाहेर पडतं. मग विचारा, ‘आणखी काय होतंय?’ हा प्रश्न गुडघ्याला हात लावण्याआधी यायला हवा. शेवटी विचारलात तर दाराशी घडतं तेच खुर्चीत घडेल.

शब्दही जपून निवडा. इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांवर २००७ मध्ये झालेल्या प्रयोगात या प्रश्नातला एकच शब्द बदलला, तर सांगायच्या राहून जाणाऱ्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या. मराठीत ‘आणखी काही?’ला ‘नाही’ हे उत्तर तयारच असतं. ‘आणखी काय?’ला ते चटकन देता येत नाही.

प्रश्न : ‘मला समजतंय’ म्हटलं की नातेवाईक उलट उसळतात. माझं काय चुकतं?
— वॉर्डमधली एक परिचारिका

उत्तर : सिस्टर, त्या वाक्यात तुम्ही स्वतःबद्दल बोलता. समोर जे दिसतंय ते बोला. ‘रात्र खुर्चीतच काढलीत ना?’ किंवा ‘तीनदा विचारलंत, नीट कुणी सांगितलं नाही, म्हणून राग आलाय का?’ अंदाज चुकला तरी बिघडत नाही. ‘राग नाही हो, भीती वाटतेय’ असं तो माणूसच दुरुस्त करतो, आणि तुम्हाला हवं होतं ते कळतं. त्यानंतर लगेच नियम सांगू नका. क्षणभर थांबा, मग पक्की माहिती द्या : कोण येणार, काय ठरायचंय. ‘डॉक्टर पाच मिनिटांत येतील’ हे खात्री नसताना म्हणणं सर्वांत महागात पडतं, कारण सहाव्या मिनिटाला तुमचं आधीचं सगळं बोलणं खोटं ठरतं.

‘काळजी करू नका’ हेही लवकर नको. कशाची काळजी आहे ते ऐकण्याआधी म्हटलं, तर त्याचा अर्थ ‘पुढे बोलू नका’ असाच होतो.

प्रश्न : आमचे डॉक्टर स्क्रीनकडे बघतच बोलतात. पेशंटनं काय करावं?
— एक वाचक

उत्तर : सगळ्या तक्रारी तीन ओळींत लिहून न्या, सर्वांत मोठी धास्ती पहिल्या ओळीत. बसल्या बसल्या सांगा : ‘दोन गोष्टी बोलायच्यात, पहिलीची मला भीती वाटतेय.’ टाइप करणं चालू असेल तर तेवढं होऊ द्या. टाइप करणारा माणूस निम्मंच ऐकतो, त्यात उद्धटपणा असतोच असं नाही. निघण्याआधी औषधं कशी घ्यायची ते तुमच्या शब्दांत त्यांना म्हणून दाखवा : ‘म्हणजे ही सकाळी उपाशीपोटी एक, ती रात्री जेवल्यावर अर्धी.’ काही उलटसुलट झालं असेल, तर ते तिथेच दुरुस्त होईल.