तलाव बघायचाय ना? मग तिकोना, पण जुलैत नको

पुण्याहून निघून अर्ध्या दिवसात परत यायचं, सोबत साठी ओलांडलेले आई-बाबा आणि आठ वर्षांची मुलगी, चढ बेताचा, वरून तलाव दिसलाच पाहिजे, आणि जुलैतला एखादा रविवार. पवना धरणाच्या तलावाभोवतीच्या किल्ल्यांपैकी लोहगड, तुंग की तिकोना, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर तिकोना. फक्त तो जुलै तेवढा सोडा.

जुलैत पवन मावळात, म्हणजे या पवना नदीच्या खोऱ्यात, ढग इतके खाली उतरतात की माथ्यावर उभं राहिलं तरी दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. भिजायला, धुक्यात फिरायला ते दिवस छानच, पण तुम्हाला पाणी बघायचंय. शिवाय जुलैच्या सुरुवातीला धरण पुरतं भरलेलंही नसतं. सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर हा खरा काळ. पाणी काठोकाठ, हवा धुतलेली, उतारांवर पिवळी सोनकी, आणि वाट बऱ्यापैकी सुकलेली. डिसेंबर-जानेवारीही चांगले, फक्त गवत वाळून सोनेरी झालेलं असतं. एप्रिल-मेमध्ये जाऊ नका. पाणी आटून काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि गडावर सावली अगदी थोडी.

दुसरी गोष्ट, सकाळीच चढा. तलाव गडाच्या पश्चिमेला आणि वायव्येला पसरलाय. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो, त्यामुळे पाण्याचा निळा रंग, पलीकडचा तुंगचा सुळका, उत्तरेला लोहगड-विसापूरची जोडी, सगळं स्वच्छ दिसतं. दुपार कलली की ऊन थेट डोळ्यांत येतं, पाणी नुसतं चकाकतं आणि डोंगर काळे पडतात. सात-साडेसातला पायथा सोडलात तर ऊन चढायच्या आत खाली याल.

गाडीने जाणार असाल तर जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने कामशेत, तिथून डावीकडे वळून पवनानगर (लोक अजून काळे कॉलनीच म्हणतात) आणि पुढे तिकोना पेठ, हे गडाच्या पायथ्याचं गाव. कोथरूड-बावधनकडून येत असाल तर पौड, कोळवण, हाडशीमार्गे या. रस्ता अरुंद आहे, पण भातखाचरांतून जातो आणि रहदारी कमी. लोकलने कामशेतला उतरून एसटी किंवा जीपनेही जाता येतं, मात्र आई-बाबा सोबत असताना परतीच्या गाडीची वाट बघत बसणं जिवावर येईल.

आता चढाविषयी. गडाची उंची साडेतीन हजार फुटांच्या आसपास असली तरी पेठ आधीच बरीच उंचावर आहे, त्यामुळे रमतगमत तास-सव्वा तासाचं काम. सुरुवातीची वाट डोंगराच्या सोंडेवरून जाते. इथपासूनच डाव्या-उजव्या हाताला दरी उघडत जाते, म्हणून मुलं कंटाळत नाहीत. मग एक लहान दरवाजा, माची, आणि पुढे शेंदूर फासलेला चपेटदान मारुती. एक हात थप्पड मारायला उगारलेला, पायाखाली राक्षसीण. मुलीला ही मूर्ती निवांत बघू द्या. त्याच टप्प्यात तुळजाईची लेणी आणि जवळ टाकं आहे, चुना मळायचा घाणाही आहे. दगडी चाकाच्या फेऱ्यांनी पडलेली ती गोल चर बघितली की तटाच्या दगडांमधला चुना कुठून आला ते कुणी सांगावं लागत नाही.

यानंतर बालेकिल्ल्याच्या पायऱ्या. सगळा प्रश्न या पायऱ्यांचाच आहे, म्हणून नीट सांगतो. दोन्ही बाजूंना कातळ आणि मधल्या घळीतून सरळ वर चढत गेलेल्या उंच पायऱ्या. काही इतक्या उंच की ठेंगण्या माणसाला गुडघ्यावर हात टेकून अंग वर उचलावं लागतं, आणि काही झिजून पुढे कललेल्या. धरायला बाजूला दोर आहे. कोरड्या दिवसात हे सगळं जमण्यासारखं आहे. मुलीला मध्ये ठेवा, एक मोठं माणूस तिच्या मागे. उतरताना आई-बाबांनी तोंड कातळाकडे करून, शिडी उतरतो तसं उतरावं. लाजायचं कारण नाही, गुडघ्याला तेच बरं. पावसात मात्र याच पायऱ्यांवरून पाणी वाहतं, शेवाळ धरतं, आणि चढणारे-उतरणारे एकाच घळीत अडकून बसतात. जुलैतला रविवार नको म्हणतोय त्याचं ढगांपेक्षाही मोठं कारण हे.

आईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांनी लेण्यांपाशीच थांबावं. तिथे सावली आहे, बसायला जागा आहे, आणि माचीवरूनही तलावाचा बराच भाग दिसतो. कुणीतरी सोबत थांबा, बाकीचे वर जाऊन या. माथ्यावर महादेवाचं मंदिर, टाकी आणि ध्वजाची जागा. तलाव खऱ्या अर्थाने पूर्ण दिसतो तो इथून, धरणाच्या भिंतीपासून तुंगच्या पायाला वळसा घालून आत शिरणाऱ्या फाट्यांपर्यंत.

एवढं मात्र मुलीला जरूर सांगा, की हा तलाव शिवकाळात नव्हता. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे चौघे ज्या खोऱ्यावर पहारा करत होते तिथे पवना नदी, भातशेती आणि गावं होती. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत हे चारही होते. धरण बांधून पूर्ण झालं १९७० च्या दशकात. आज पिंपरी-चिंचवडच्या नळाला येणारं बरंचसं पाणी इथलंच, आणि त्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यातली कितीतरी कुटुंबं अजून पुनर्वसनाची वाट बघतायत. वरून ते निळं पाणी बघताना मला हे विसरता येत नाही. म्हणून काठावर दारूच्या बाटल्या आणि स्पीकर घेऊन येणाऱ्यांचा फार राग येतो.

पाण्यात उतरू नका, गुडघाभरसुद्धा नको. काठ उथळ वाटतो, पण तळाला गाळ आहे आणि पुढे एकदम खोल होतं. पोहता येणारी माणसंही तिथे बुडाली आहेत.

लोहगड का नाही? पायऱ्या सगळ्यात सोप्या तिथल्याच, पण सुट्टीच्या दिवशी गर्दीत डोंगर उरत नाही, आणि तलाव जरा लांबून दिसतो. तुंगला तलाव अगदी पायाशी आहे, तिकोन्याहूनही जवळ. पण वाट अरुंद, एका बाजूला थेट उतार. आठ वर्षांच्या मुलीला घेऊन मी तिथे जाणार नाही.

माणशी दीड-दोन लिटर पाणी, चांगल्या पकडीचे बूट, टोपी. चप्पल नको. पेठेत काही घरांतून पिठलं-भाकरी मिळते, चढायच्या आधी सांगून ठेवलंत तर उतरेपर्यंत तयार असते.

आणि जुलैच ठरला असेल, रजा बदलता येत नसेल, तर तिकोना ठेवून द्या आणि त्याच रस्त्यावरची बेडसे लेणी करा. बांधलेल्या पायऱ्या आहेत, साधारण चारशे. वर चैत्यगृहाबाहेरच्या उंच खांबांवर कोरलेले हत्ती-घोडे आणि त्यांवरचे स्वार आहेत, आणि पाऊस कितीही कोसळला तरी आत कोरडं बसता येतं. तलाव दिसणार नाही. त्यासाठी ऑक्टोबरमध्ये परत या.