काही जमले नाही किंवा खेळात हरला की सहा वर्षांचा मुलगा वही फाडतो, वस्तू फेकतो. त्याला हे सहन करायला कसे शिकवावे?

आपण जालन्याहून लिहिले आहे की मुलगा पहिलीत आहे, अक्षर मनासारखे आले नाही की वही फाडतो, सापशिडीत हरला की पट उधळतो, 'मला काहीच येत नाही' म्हणून लोळण घेतो, आणि घरात एकाने रागावले की दुसरे कोणीतरी हातात मोबाईल देऊन त्याला गप्प करते. मी परभणी जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवते. फाटलेल्या वह्या आणि रडीचे डाव माझ्या रोजच्या पाहण्यातले असल्याने उत्तर लिहिण्याचे धाडस करते आहे.

रागाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत पक्व होत असतो, तेव्हा सहा वर्षांच्या लेकराने चिडूच नये ही अपेक्षा सोडून द्यावी. चिडल्यानंतरही तेच काम पुन्हा हाती घेता यावे, एवढे या वयात साधले तरी पुष्कळ झाले, आणि ते घरी शिकवता येते.

माझ्या वर्गातले एक उदाहरण सांगते. 'ळ' हे अक्षर पहिलीतल्या बऱ्याच मुलांना छळते. दोन गाठी सारख्या येत नाहीत, एक फुगते आणि दुसरी चिमटते. एक मुलगी ते अक्षर खोडरबराने इतके घासायची की कागदाला भोक पडायचे, आणि मग वही भिरकावली जायची. तिला 'छान आले आहे, राहू दे' असे म्हटले की ती अधिकच बिथरायची, कारण ते छान आलेले नाही हे तिला स्पष्ट दिसत होते. मग मी तिच्या हातात पाटी दिली. पाटीवर पुसणे हा कामाचाच भाग असतो, त्यात चुकल्याची खूण मागे उरत नाही. पाटीभर 'ळ' काढून झाले की मी विचारायचे, "यातला तुला सगळ्यांत बरा कोणता वाटतो?" ती एकावर बोट ठेवायची, आणि तो का बरा हे तिनेच सांगायचे. पुढे वही परत आली तेव्हाही ती अधूनमधून चिडायचीच, पण पान फाडणे थांबले.

१९७६ मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला शिकवताना शिकवणाऱ्याची नेमकी कोणती कामे असतात हे नोंदवले होते. मुलाचा वैताग आटोक्यात ठेवणे हे त्यांनी त्या कामांपैकी एक स्वतंत्र काम मानले, आणि सोबत असेही बजावले की यात मूल शिकवणाऱ्यावरच विसंबून राहण्याचा धोका असतो. आपल्याकडे हा धोका फार लवकर खरा होतो, कारण शाळेची रिक्षा दारात उभी असताना बुटाची नाडी आपणच बांधून टाकतो. त्याऐवजी गाठ सैल करून शेवटचा फास त्याला ओढू द्यावा, आणि तो जमू लागला की त्याच्या आधीची पायरीही त्याच्याकडे सोपवावी. काम इतके लहान करून द्यावे की थोडी खटपट केल्यावर ते त्याच्याच हातून पूर्ण व्हावे. खटपटच उरणार नाही इतके मात्र लहान करू नये.

सापशिडीविषयी माझे मत थोडे कडक आहे. मुलगा रडेल म्हणून मुद्दाम हरू नये. दोन-चार वेळा त्याला आनंद होईल, परंतु गल्लीतली पोरे त्याच्यासाठी हरणार नाहीत, आणि तिथे 'चिडका बिब्बा' हे नाव एकदा चिकटले की लवकर सुटत नाही. सापशिडी हा दान पडेल तसा चालणारा खेळ असल्याने हरण्याच्या सरावाला तो उत्तमच आहे. आपली सोंगटी नव्वदीच्या पुढे जाऊन सापाच्या तोंडी पडली की मोठ्याने म्हणावे, "अरे देवा, अगदी घराजवळ येऊन खाली आलो! वैतागच आला. बरं, टाक, तुझं दान." मोठ्या माणसालाही वैताग येतो, त्याला नाव असते आणि त्यानंतरही खेळ पुढे चालतो, हे त्याला कानाने ऐकू येते आणि डोळ्यांनी दिसते. त्याने पट उधळलाच तर व्याख्यान देऊ नये. तो शांत झाल्यावर सोंगट्या त्यालाच गोळा करायला लावाव्यात.

आता मोबाईल. आपल्या प्रश्नातली सर्वांत अवघड गोष्ट मला हीच वाटते, कारण ती मुलाइतकीच घरातल्या मोठ्यांची आहे. आरडाओरडा केल्यावर कधी मोबाईल मिळतो आणि कधी मिळत नाही, अशी स्थिती असेल तर आरडाओरडा अधिक चिवट होतो. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय मोडायला सर्वांत कठीण असते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून फार पूर्वीच दिसून आले आहे. म्हणून मोबाईल हाती देणारे जे कोणी असेल, सासूबाई-सासरे असले तरी, त्यांच्याशी मुलाच्या माघारी, शांतपणे बोलून एकच नियम ठरवावा. 'तुमच्या लाडामुळे तो बिघडला' असे म्हणाल तर बोलणे तिथेच संपेल. आजीकडे मोबाईलऐवजी दुसरे काम सोपवावे: तो ओरडत असताना तिने जवळ बसावे, पाठीवरून हात फिरवावा, "राग आलाय ना बाळा, बसते मी इथंच" एवढेच म्हणावे. नियम लागू झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस ओरडणे वाढते. तेव्हा कच खाऊन मोबाईल दिला, तर अधिक जोराने ओरडले की मिळतो, एवढेच तो शिकेल.

दिलेला शब्दही पाळावा. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठातला एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चित्रकलेचे चांगले साहित्य आणून देण्याचा शब्द मोठ्या माणसाने पाळलेला ज्या मुलांनी पाहिला, ती पुढे जादा मिठाईसाठी सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली, आणि ज्यांना दिलेला शब्द मोडला गेला, ती सुमारे ३ मिनिटेच. 'रविवारी खेळणे आणू' हे वाक्य केवळ वेळ मारून नेण्यासाठी आपण किती सहज बोलतो, हे या आकड्यांशेजारी ठेवून पाहावे. ज्याला वाट पाहून काही मिळाल्याचा अनुभवच नाही, ते मूल वाट का पाहील?

एक किरकोळ वाटणारी गोष्ट. एप्रिल-मेमध्ये आपल्या मराठवाड्यात पारा चाळिशीपार असतो, रात्री वीज गेली की झोप होत नाही, आणि त्यात लग्नसराईची धावपळ असते. अशा दिवशी उपाशी, अर्धवट झोपलेले लेकरू चिडले तर त्याला आधी पाणी आणि भाकरीचा घास द्यावा. धडे दुसऱ्या दिवशी.

मात्र तो स्वतःला इजा करून घेत असेल, थयथयाट रोजचा होऊन बराच वेळ चालत असेल, किंवा बोलणे, ऐकणे, वाचणे यांत समवयस्कांपेक्षा फार मागे असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नये. जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, ज्याला लोक 'डीईआयसी' म्हणतात, अशी तपासणी करून घेता येते, आणि 'टेली-मानस' या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. डोळ्यांची तपासणी तर आधीच करून घ्यावी. फळ्यावरचे नीट दिसत नसल्याने लिहिताना चिडणारी मुले मी वर्गात पाहिली आहेत. आपल्या मुलाच्या बाईंना विचारून पाहा, तो वर्गात पुढे बसल्यावर कमी चिडतो का.