.४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा झटका कसा सांभाळायचा? मनगटांचा कोणता व्यायाम करू?

तुम्ही लिहिलंय की सहकाऱ्याच्या .४४ मॅग्नममधून सहा गोळ्या झाडल्या. पहिली कागदाच्या मधोमध लागली आणि पुढच्या पाचही खाली गेल्या. तुमची मनगटं ठीकच असणार. झटका नळी वर उचलतो, मग गोळ्या खाली कशा जातील? घोडा पडण्याच्या क्षणी तुमचा हातच येणाऱ्या धक्क्याला आधीच खाली रेटतोय. इकडे रेंजवर याला फ्लिंच म्हणतात. पहिल्या गोळीच्या वेळी काय येणार आहे हे हाताला ठाऊक नव्हतं, म्हणून ती नीट लागली.

मी पुण्यात १० मीटर एअर पिस्तूल शिकलो. तिथे एका हाताने नेम धरायचा असतो आणि झटका जवळजवळ नसतोच. अमेरिकेत आल्यावर .४४ हातात घेतली तेव्हा माझ्याही गोळ्या अशाच खाली गेल्या, आणि मीही आधी डंबेल्सच आणले होते.

धक्का मोठा आहे हे मात्र खरं. २४० ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेगाने निघते. तिच्यामागून जळलेल्या दारूचा वायू त्याहून वेगाने सुटतो, त्याचाही धक्का रिव्हॉल्व्हरलाच बसतो. सव्वा-दीड किलोच्या रिव्हॉल्व्हरला मिळणारी ऊर्जा नेहमीच्या ९ एमएम पिस्तुलाच्या चौपट तरी भरते. ती थांबवायला जाऊ नका. हात वर जाऊ द्या, फक्त दर वेळी सारखाच जाऊ द्या.

त्यासाठी पकड महत्त्वाची. नळी हाताच्या वर असते, म्हणून धक्का नुसता मागे न येता रिव्हॉल्व्हरला वर फिरवतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी रिव्हॉल्व्हरच्या मुठीच्या मागे जितकी वर बसवाल तितकं हे फिरणं कमी. घट्ट पकडायचं काम डाव्या हाताचं. उजवा फार आवळला तर ट्रिगरचं बोट अडकतं. कोपरं किंचित वाकलेली, अंग थोडं पुढे झुकलेलं. आणि हे नीट लक्षात ठेवा: पिस्तुलावर करतात तसे अंगठे पुढे पसरू नका. सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचं फिरतं चक्र, आणि नळी यांच्या फटीतून तापलेला वायू आडवा सुटतो, त्याने बोट भाजतं, चिरतं. .५०० मॅग्नमसारख्या रिव्हॉल्व्हरजवळ तर दुखापत फारच गंभीर होऊ शकते.

आता फ्लिंचवरचा उपाय. मित्राला सांगा, त्याने तुम्हाला न दाखवता सिलिंडरमध्ये खऱ्या काडतुसांबरोबर दोन-तीन झाडून रिकाम्या झालेल्या पुंगळ्या मिसळाव्यात. कुठे काय आहे ते तुम्हाला कळता कामा नये. नळी अर्थात सतत निशाण्याकडेच. पुंगळीवर घोडा पडला की नुसता ‘टक’ आवाज येईल आणि नळी खाली डुबकी मारताना तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मला ती दिसली तेव्हा विश्वास बसेना. ‘टक’ला नळी हलेनाशी होईपर्यंत हेच करत राहा. एअर पिस्तुलात शिकवतात तसं, गोळी सुटल्यावरही नजर पुढच्या साइटवरच, म्हणजे नळीच्या टोकाशी नेमासाठी असलेल्या खुणेवरच ठेवायची.

सरावाला .४४ स्पेशल गोळी वापरा. ती त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये चालते आणि धक्का बराच कमी असतो. तिची पुंगळी आखूड असल्याने सिलिंडरच्या खणांत काजळीचं कडं साचतं, मॅग्नम भरण्याआधी ते ब्रशने साफ करा. रबरी मूठही बसवून बघा.

कानात प्लग आणि वर कान झाकणारे मफ, दोन्ही घाला. माणूस जितका धक्क्याला दचकतो तितकाच आवाजाला दचकतो, हे माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या कुणाला चालवायला द्याल तेव्हा पहिल्या वेळी सिलिंडरमध्ये एकच काडतूस भरा. धक्क्याने मूठ आवळली जाऊन नकळत दुसरी गोळी सुटू शकते, आणि तोवर नळी कुठल्याही दिशेला असते. तुमच्या सहकाऱ्याने तुम्हाला सहाही भरून दिल्या हे वाचून मला काळजी वाटली.

एका दिवशी मॅग्नमच्या बारा-पंधरा गोळ्या पुरे. शेवटच्या पन्नास गोळ्या हलक्या झटक्याच्या .२२ बंदुकीतून झाडा, म्हणजे घरी जाताना हाताला आठवण शांत ट्रिगरची राहील.